नाशिकच्या वाचनालयातले तीन संगणक: पॅनल गायब, लॉगिन अडलं, स्क्रीन अडखळते

प्रेषक: संगणक कक्ष, नाशिक

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरच्या वाचनालयात मंडळाच्या मदतीने जे संगणक चालवतो, त्यांच्यावर विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर लिनक्स मिंट २२.१ घातलं. डेस्कटॉप सिनॅमन ६.४. रॅम ४ जीबी, डिस्क १२० जीबीची एसएसडी. तीन मशीन रुसली आहेत, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

क्र. १: प्रोजेक्टर लावून एक कार्यक्रम झाला, केबल काढली आणि खालचं पॅनल गेलं ते गेलंच. वॉलपेपर दिसतो, आयकॉन आहेत, माउस चालतो. रीस्टार्ट करूनही तेच.

क्र. २: पासवर्ड बरोबर घेतो, क्षणभर काळी स्क्रीन, की पुन्हा लॉगिनच्याच पानावर. चुकीचा पासवर्ड दिला तर 'चुकीचा' म्हणतो, म्हणजे पासवर्डचा घोळ नाही.

क्र. ३: सुरू होताना 'सॉफ्टवेअर रेंडरिंग मोड' अशी सूचना येते. खिडकी सरकवली की मागे रेघोट्या उमटतात, पंखा जोरात, आणि रेझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या वर जात नाही.

नेटवर सगळीकडे एकच रामबाण दिसतो:

डीकॉन्फ रिसेट -एफ /

तिन्हींवर हाच चालवू का? २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे. कुसुमाग्रजांच्या गावात त्या दिवशी वाचनालयाचे संगणक बंद असणं बरं दिसणार नाही.


प्रेषक: टोरांटो

दादा, ती आज्ञा चालवू नका.

शेवटी नुसती तिरकी रेघ आहे, म्हणजे डीकॉन्फमधली (डेस्कटॉपची सेटिंग्ज जिथे साठतात तो डेटाबेस) त्या खात्याची यच्चयावत सेटिंग्ज जाणार. आयबसमध्ये (भाषा बदलून टाइप करायची सोय) लावलेला मराठी इनस्क्रिप्ट कळफलकसुद्धा, कारण तो त्याच डेटाबेसमध्ये /डेस्कटॉप/आयबस/ खाली राहतो. आणि तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून क्र. ३ ला त्याने काडीचा फरक पडणार नाही. तिथे आजार डेस्कटॉपचा वाटतच नाही.

आधी दोष खात्यात आहे की सिस्टिममध्ये, एवढं ठरवा. नवं खातं काढा आणि त्यातून आत जाऊन बघा:

सुडो ॲडयूजर तपासणी

नव्या खात्यात सगळं नीट असेल तर जुन्या खात्याची सेटिंग्ज बिघडली आहेत. तिथेही तेच होत असेल तर ड्रायव्हर, डिस्क, कर्नल (लिनक्सचा गाभा) याकडे बघायचं. सेटिंग्ज पुसून हाती काही लागणार नाही.

मग या आज्ञांचं उत्तर पाठवा. या मेलिंग लिस्टवर देवनागरीच चालते म्हणून आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टर्मिनलमध्ये इंग्रजी कळफलकावरून टाइप करा. आयबस मराठीवर असेल तर आधी तो इंग्रजीवर आणा.

क्र. १ वर कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडा, त्याला पॅनल लागत नाही:

जीसेटिंग्ज गेट ऑर्ग.सिनॅमन पॅनल्स-एनेबल्ड
जीसेटिंग्ज गेट ऑर्ग.सिनॅमन पॅनल्स-ऑटोहाइड

क्र. २ वर लॉगिनच्या पानावरच कंट्रोल-ऑल्ट-एफ३. काळ्या कन्सोलवर नाव आणि पासवर्ड देऊन आत जा, मग:

डीएफ -एच /
डीएफ -आय /
एलएस -एल ~/.एक्सऑथॉरिटी

चित्रमय पानावर परत यायला कंट्रोल-ऑल्ट-एफ७.

क्र. ३ वर:

इनएक्सआय -जी
कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन


प्रेषक: म्युनिक

अहो ताई, एवढी चौकशी कशाला? एमव्ही ~/.कॉन्फिग ~/.कॉन्फिग-जुनं करा, बाहेर पडा, परत आत या. नवं कोरं खातं तयार. पुसलेलं काहीच नाही, नुसतं बाजूला ठेवलं, म्हणजे भीतीही नाही.


प्रेषक: टोरांटो

काका, पुसण्यापेक्षा बाजूला ठेवणं केव्हाही चांगलं, हे अगदी मान्य. पण .कॉन्फिगमध्ये नुसता डेस्कटॉप नसतो. लिबरऑफिसचं प्रोफाइल ~/.कॉन्फिग/लिबरऑफिस मध्ये असतं: मराठी शब्दांची स्वतःची यादी, ऑटोकरेक्ट, साचे, सगळं. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम ~/.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट मध्ये. वाचनालयात सभासदांची यादी आणि पावत्या लिबरऑफिसवरच चालतात, तिथे एका पॅनलपायी हे सगळं हलवायचं नाही.

दुसरं, हे चालू सत्रात केलं तर उघडे प्रोग्रॅम बंद होताना आपापल्या फायली पुन्हा लिहितात. अर्धं नवं, अर्धं जुनं अशी खिचडी होते. करायचंच झालं तर पूर्ण लॉगआउट होऊन एफ३ च्या कन्सोलवरून करावं.


प्रेषक: संगणक कक्ष, नाशिक

उत्तरं अशी:

क्र. १: ['१:१:बॉटम'] आणि ['१:फॉल्स']. नव्या खात्यात पॅनल दिसतं.

क्र. २: / वर वापर १००%, उपलब्ध ०. आयनोड (फायलींच्या नोंदी) १४% च. एक्सऑथॉरिटीची मालकी आमच्याच खात्याकडे. नवं खातं तयार झालं, पण तेही आत घेत नाही.

क्र. ३: रेंडरर एलएलव्हीएमपाइप. सीएमडीलाइनच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट'. नव्या खात्यातही तीच रडकथा.

क्र. २ चं नवल वाटतं. स्कॅन केलेल्या जुन्या अंकांच्या पीडीएफ त्यावरून काढून बाहेरच्या डिस्कवर हलवल्या, कचरापेटीही रिकामी केली. तरी जागा काही मोकळी झाली नाही.


प्रेषक: टोरांटो

तिन्हींचा उलगडा झाला. सोपं आधी.

क्र. १. '१:१:बॉटम' चा अर्थ पॅनल क्रमांक १, मॉनिटर क्रमांक १, खालच्या कडेला. मॉनिटरची मोजणी शून्यापासून असते, म्हणजे मॉनिटर १ हा दुसरा पडदा, तुमचा प्रोजेक्टर. कार्यक्रमात कुणीतरी पॅनल तिकडे हलवलं आणि केबल काढली. पॅनल आता नसलेल्या पडद्यावर बसलं आहे. ऑटोहाइड फॉल्स आहे, म्हणजे ते लपलेलंही नाही. उपाय एका ओळीचा:

जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.सिनॅमन पॅनल्स-एनेबल्ड "['१:०:बॉटम']"

बाहेरची अवतरणं दुहेरी, आतली एकेरी. उलटसुलट झालं की आज्ञा चालत नाही. पहिला आकडा १ च ठेवा. मेनू, घड्याळ, आवाज ही ॲपलेट 'पॅनल१' या नावाला बांधलेली असतात. तिथे २ लिहिलं तर पॅनल येईल, पण रिकामं.

पॅनल लगेच आलं नाही तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप दाबा. त्याने सिनॅमन नव्याने सुरू होतं, उघड्या खिडक्या बंद होत नाहीत. नेहमीच्या एक्स-११ च्या सत्रात हे चालतं, मिंटच्या प्रायोगिक वेलँड सत्रात नाही.

पॅनलवर उजवी क्लिक केली की 'ट्रबलशूट' मध्ये सगळी सेटिंग्ज मूळ पदावर नेण्याची सोय असते. आजच्या कामाला ती जास्त होते, आणि पॅनलच नसेल तर क्लिक करणार कुठे?

क्र. ३. हा डेस्कटॉपचा दोष नव्हेच. मिंट घालताना पेन ड्राइव्ह 'कम्पॅटिबिलिटी मोड' ने सुरू केला असणार. तो मोड कर्नलला नोमोडसेट सांगतो, आणि तोच शब्द इथे कायमच्या सेटिंगमध्ये येऊन बसला आहे. त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर कामालाच लागत नाही, स्क्रीनवरचं सगळं चित्र प्रोसेसर काढतो. एलएलव्हीएमपाइप म्हणजे तेच. पंखा फिरणारच.

सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब

त्यात 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' या ओळीतून फक्त नोमोडसेट हा शब्द काढा, क्वाएट स्प्लॅश राहू द्या. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग:

सुडो अपडेट-ग्रब

आणि रीबूट. अपडेट-ग्रब विसरलात तर नुसत्या फाइलमधल्या बदलाने काही होत नाही. रीबूटनंतर काळी स्क्रीन आली तर घाबरू नका: सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा, 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ१०. ते तेवढ्या वेळेपुरतंच लागू होतं, आत जाऊन पुढचं बघता येतं. ठीक सुरू झालं तर इनएक्सआय -जी पुन्हा चालवा, एलएलव्हीएमपाइप जाऊन खऱ्या ग्राफिक्स चिपचं नाव दिसायला हवं.

क्र. २. डिस्क भरली की लॉगिनच्या वेळी लागणाऱ्या छोट्या फायलीही लिहिता येत नाहीत, एक्सऑथॉरिटी त्यातलीच एक. सत्र सुरू होतं आणि तिथेच कोसळतं, म्हणून फिरून लॉगिनचं पान. नवं खातं त्याच पार्टिशनवर, त्याचीही तीच गत. ते तयार झालं कारण ईएक्सटी४ मध्ये साधारण ५% जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासक खात्यासाठी, राखीव असते, म्हणूनच सुडोची कामं अजून होतात. त्या राखीव जागेच्या जोरावर आता मोकळं करायचं.

पीडीएफ काढूनही जागा का आली नाही, त्याचा मला टाइमशिफ्टवर, म्हणजे सिस्टिमच्या जुन्या प्रती (स्नॅपशॉट) ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर, संशय आहे. हे चालवा:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच
सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट


प्रेषक: संगणक कक्ष, नाशिक

क्र. १ चं पॅनल आलं, क्र. ३ वर १९२० × १०८० दिसतंय आणि पंखा शांत आहे.

क्र. २ वर /टाइमशिफ्ट एकटंच ७१ जीबी. यादीत सहा स्नॅपशॉट. सगळ्यात जुना नको म्हणून काढायला घेतला, पण मोकळी झाली जेमतेम ३०० एमबी. असं कसं?


प्रेषक: टोरांटो

टाइमशिफ्टच्या 'यूजर्स' टॅबमध्ये घरचं फोल्डर (होम) पूर्ण धरलं गेलं आहे. एरवी ते वगळलेलं असतं. त्यामुळे स्कॅन केलेली प्रत्येक पीडीएफ स्नॅपशॉटमध्येही जाऊन बसली. तुम्ही मूळ काढली, नक्कल तशीच राहिली.

जुना स्नॅपशॉट काढून जागा का मिळाली नाही, तर न बदललेली फाइल टाइमशिफ्ट प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये नव्याने साठवत नाही. एकदाच साठवतो आणि बाकीच्या स्नॅपशॉटमधून तिला हार्डलिंक देतो. एकाच सामायिक भिंतीवर पाच घरं टेकलेली असावीत तसं: एक घर पाडलं तरी भिंत उभीच. पीडीएफ ज्या ज्या स्नॅपशॉटमध्ये आहे ते सगळे गेले, की मगच जागा मोकळी होते.

म्हणून पीडीएफ हलवण्याआधीचे सगळे स्नॅपशॉट एकेक करून काढा. यादीतलं तारीख-वेळेचं नाव जसंच्या तसं द्या:

सुडो टाइमशिफ्ट --डिलीट --स्नॅपशॉट 'नाव'

पीडीएफ हलवल्यानंतरचा एखादा असेल तर तो ठेवा. नसेल तर सगळे गेले तरी चालेल, पण मशीन सुरू झाल्याबरोबर नवा घ्यायचा. बाहेरच्या डिस्कवरच्या पीडीएफ उघडतात ना, हे आधी बघा, कारण त्यांची इथली शेवटची प्रत स्नॅपशॉटमध्येच आहे. आणि /टाइमशिफ्ट फोल्डर हाताने आरएम -आरएफ करू नका, टाइमशिफ्टच्याच आज्ञेने काढा.

किमान ५ जीबी मोकळी झाली की रीबूट. लॉगिन झाल्यावर टाइमशिफ्ट उघडून 'यूजर्स' मध्ये सगळ्या खात्यांना 'एक्सक्लूड ऑल' लावा. वेळापत्रक आठवड्याचं, ठेवायचे २. एवढ्याशा डिस्कला त्याहून जास्त झेपणार नाही.


प्रेषक: म्युनिक

ताई, मग होम वगळलं तर पॅनलबिनल बिघडलं की टाइमशिफ्टने परत येणार नाही. त्याचं काय?


प्रेषक: टोरांटो

बरोबर पकडलंत काका. टाइमशिफ्ट सिस्टिम परत आणतो, खात्याची सेटिंग्ज नाही. त्यासाठी डीकॉन्फची नक्कल वेगळी ठेवायची, ती काही केबीची साधी मजकूर फाइल असते. क्र. १ आता ठीक आहे, तिथूनच घ्या:

डीकॉन्फ डम्प /ऑर्ग/सिनॅमन/ > सिनॅमन.टीएक्सटी
डीकॉन्फ डम्प /डेस्कटॉप/आयबस/ > आयबस.टीएक्सटी

दोन्ही फायली पेन ड्राइव्हवर. पुढे एखाद्या मशीनचा डेस्कटॉप खरोखरच विस्कटला, तर:

डीकॉन्फ रिसेट -एफ /ऑर्ग/सिनॅमन/
डीकॉन्फ लोड /ऑर्ग/सिनॅमन/ < सिनॅमन.टीएक्सटी

रिसेट आधी, कारण लोड फक्त भर घालतो. फाइलमध्ये नसलेलं बिघडलेलं सेटिंग तो पुसत नाही. दोन्ही आज्ञा झाल्यावर लॉगआउट करून परत आत या. मार्गाच्या सुरुवातीची आणि शेवटची तिरकी रेघ विसरू नका. या रिसेटने मराठी कळफलक जात नाही, तो /ऑर्ग/सिनॅमन/ च्या बाहेर आहे.

एक जागा मात्र या रिसेटच्या आवाक्यात येत नाही. बाहेरून उतरवलेली ॲपलेट ~/.लोकल/शेअर/सिनॅमन/ॲपलेट्स मध्ये आणि त्यांची सेटिंग्ज ~/.कॉन्फिग/सिनॅमन/स्पायसेस मध्ये वेगळ्या फायलींत असतात. रिसेटनंतरही एखादं ॲपलेट तसंच वेड्यासारखं वागत असेल, तर स्पायसेसमधलं त्याच्या नावाचं फोल्डर बाजूला हलवा. दोषी कोण ते शोधायला ऑल्ट-एफ२ दाबून 'एलजी' टाइप करा, लुकिंग ग्लास उघडेल. त्याच्या 'लॉग' पानावर लाल ओळींत ॲपलेटचं नाव असतं.


प्रेषक: संगणक कक्ष, नाशिक

क्र. २ वर पीडीएफ उघडून पाहिल्या आणि उरलेले सगळे स्नॅपशॉट काढले. ६४ जीबी मोकळी, लॉगिन झालं. होम वगळून नवा स्नॅपशॉट घेतला. डम्पच्या फायली पेन ड्राइव्हवर आणि एक प्रत कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर.

एकच राहिलं: क्र. २ लाईट गेल्यावर सुरू केलं की तारीख मागची दाखवतं, आणि नेटवरून तारीख जुळेपर्यंत ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो.


प्रेषक: सिंगापूर

मदरबोर्डवरचा सेल संपला आहे, सीआर२०३२. तुमच्या एम. जी. रोडवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. मशीनचा प्लग काढून बदला, ३ व्होल्टची '+' खूण वर. मग बायोसमध्ये जाऊन तारीख लावा आणि बूटचा क्रम तपासा, सेल संपला की तोही कधीकधी मूळ पदावर जातो. मिंट सुरू झाल्यावर:

टाइमडेटसीटीएल

यात 'सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड: येस' आणि टाइमझोन एशिया/कोलकाता दिसलं की झालं.