कॅनकूनला जाऊन हॉटेल झोनमध्येच का राहायचं?

खारा वारा
डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तीन बिऱ्हाडं मिळून मेक्सिकोला निघालोय. चार वर्षांच्या भाचीपासून त्र्याहत्तर वर्षांच्या बाबांपर्यंत अकरा डोकी. विमानाची तिकिटं झाली, रजा मंजूर झाल्या, आणि घोडं अडलंय ते राहायचं कुठे यावर. नऊ मतं कॅनकूनच्या हॉटेल झोनला (भाचीचंही धरलंय), विरोधात मी एकटा. बायको तटस्थ आहे, म्हणजे कुणाच्या बाजूने ते कळलंच असेल.

हॉटेल झोन म्हणजे इंग्रजी सातच्या आकड्यासारखी २२-२३ किलोमीटर लांबीची चिंचोळी वाळूची पट्टी. एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला निचुप्ते नावाचं खाजण. १९७० पर्यंत तिथे माडांची रांग आणि मोजकी माणसं होती. मग सरकारने डॉलर यावेत म्हणून कागदावर आखून हे वसवलं. त्याला माझी ना नाही, आपली सिडकोही १९७० चीच. पण नवी मुंबईत निदान लोक राहतात हो! इथे मनगटाला पट्टा (खाणंपिणं भाड्यातच, याची खूण) बांधायचा, सकाळी बुफे, दुपारी बुफे, रात्री बुफे, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की भरधाव रस्ता. खाजणाच्या कडेला मगरींपासून सावध राहायच्या पाट्या. एवढ्या लांब जाऊन सात दिवस एका आवारात?

माझा पर्याय पुएर्तो मोरेलोस. विमानतळाच्या दक्षिणेला गाडीने २०-२५ मिनिटं. लहानसा चौक, समोर धक्का, आणि १९६७ च्या वादळात कललेला दीपस्तंभ, तो गावाने तसाच ठेवलाय. किनाऱ्यापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर प्रवाळाची रांग आहे, लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी शांत. घर भाड्याने घ्यायचं, संध्याकाळी चौकात जाऊन बसायचं. सांगा, माझं काय चुकलं?

माई_एडिसन
चुकलं हे, की बाबा त्र्याहत्तरीचे आहेत असं तुम्हीच लिहिलंत आणि पुढच्या दोन्ही परिच्छेदांत त्यांना विसरलात.

दोन वर्षांपूर्वी आम्हीही असंच "गावात राहू या" म्हणून घर घेतलं होतं. सासूबाई अठ्ठ्याहत्तर. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, समुद्र "पाच मिनिटांवर" म्हणजे तिशीतल्या माणसाची पाच मिनिटं. बाथरूमला जायचं म्हणून परत यायचं, की पुन्हा तीन जिने. दुसऱ्या दिवसापासून त्या खालीच उतरल्या नाहीत.

आणि खाणं. आम्ही शाकाहारी. बीन्स डुकराच्या चरबीत परततात, तिला मान्तेका म्हणतात. भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. "सिन कार्ने" (मांस नको) म्हणून पाठ करून गेलो होतो, तर चिकन घालून आणलं, कारण त्यांच्या हिशोबात कार्ने म्हणजे गुरांचं मांस, कोंबडी वेगळी! शेवटी त्या भाड्याच्या घरात मी रोज सोळा पोळ्या लाटल्या. सुट्टी नक्की कुणाची होती? मोठ्या हॉटेलात निदान आचाऱ्याला बाहेर बोलावून एकदा नीट सांगता येतं, आणि समोर पंधरा पदार्थ असतात त्यातून चार तरी निघतात.

पट्ट्याला नावं ठेवणारे बहुतेक पुरुष असतात, हे माझं निरीक्षण. हलकेच घ्या.

खारा वारा
माई, पोळ्या मी लाटेन.

माई_एडिसन
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

लाटांचा हिशोब
तुम्ही दोघंही हॉटेल की घर यावर भांडताय. किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा.

सातच्या आकड्याची वरची आडवी दांडी उत्तरेकडे तोंड करून आहे. समोर इस्ला मुहेरेस बेट आडवं येतं, म्हणून लांगोस्ता, तोर्तुगास या किनाऱ्यांवर पाणी बहुतेक दिवस पोटरीएवढं आणि संथ. लांब उभी दांडी पूर्वेला उघड्या समुद्राकडे. फोटोत दिसतो तो गडद निळा रंग तिथलाच, पण ओढही तिथलीच. आम्ही मार्चमध्ये पाच दिवस होतो, त्यातले चार दिवस लाल बावटा. पोरं वाळूत बसून समुद्राकडे बघत होती. "हॉटेल झोन" एवढंच बघून खोली घेणाऱ्याला आपण दांडी कुठली घेतली हेच माहीत नसतं.

जाता जाता: ती वाळूसुद्धा सगळी मूळची नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा वादळ जवळजवळ अडीच दिवस तिथे ठाण मांडून बसलं, किनारा खरवडून नेला. नंतर समुद्रतळातून वाळू उपसून पुन्हा भरली.

निवडुंग
तुलुमचं नाव कुणीच कसं घेत नाही? कड्यावर माया लोकांचं तटबंदीचं शहर, खाली हिरवंनिळं पाणी. तटबंदीच्या आत उभं राहून समुद्र बघताना मला थेट विजयदुर्ग आठवला. हॉटेलं झाडीत लपलेली, एकही टोलेजंग इमारत नाही. डिसेंबर २०२३ पासून तुलुमला स्वतःचा विमानतळही झालाय. गर्दी नको असेल तर थेट तिथेच उतरा.

नाना उसगावकर
गर्दी नको म्हणून तुलुम? गणपतीत गर्दी नको म्हणून लालबागला जाण्यासारखं आहे हे.

अवशेष सुंदर, वादच नाही. पण ते दोन तासांत बघून होतात. राहण्याचं बोला. गाव आत, किनारा काही किलोमीटर दूर. किनाऱ्यावरची हॉटेलं एका अरुंद रस्त्यावर एकापुढे एक, आणि टॅक्सीवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. तुमची ती झाडीत लपलेली "निसर्गस्नेही" हॉटेलं वर्षानुवर्षं डिझेल जनरेटरवर चालली, कारण किनाऱ्यावर वीजच नव्हती. रात्री समुद्राची गाज ऐकायला गेलो आणि जनरेटरची घरघर ऐकून आलो. पैसे मात्र गाजेचे घेतले.

निवडुंग
तुमचं हॉटेल वाईट निघालं म्हणून गाव वाईट? आम्ही गावात राहिलो, सायकली घेतल्या, सकाळी आठच्या आत अवशेषांपाशी. सेनोतेमध्ये (चुनखडीच्या जमिनीत पडलेली गोड्या पाण्याची कुंडं) दोन दुपारी काढल्या. टॅक्सी एकदाच केली.

नाना उसगावकर
त्र्याहत्तर वर्षांच्या बाबांना सायकलवर बसवणार का?

कोलंबीभात
सगळे डिसेंबर-मार्चवाले जमलेत. आम्ही जूनमध्ये पुएर्तो मोरेलोसला होतो. धागाकर्त्याच्या त्या चौकात नाकाला रुमाल लावून बसलो होतो.

सारगॅसम! तपकिरी शेवाळ, ढिगाने. समुद्रातून तरंगत येतं, किनाऱ्यावर कुजतं, आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. २०११ पासून अटलांटिकमध्ये ते भलतंच वाढलंय, आणि एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा मुख्य हंगाम. नौदलाच्या बोटी ते गोळा करतात, समुद्रात तरंगते अडसर लावतात, पहाटे ट्रॅक्टर फिरतात, तरी दुपारपर्यंत पुन्हा थर. ते पूर्वेकडून येतं, त्यामुळे कॅनकूनची उभी दांडी, पुएर्तो मोरेलोस, प्लाया देल कार्मेन, तुलुम, सगळे थेट माऱ्यात. प्रवाळाची रांग लाटा अडवते, शेवाळ नाही अडवत.

त्या दिवसांत जायचंच असेल तर इस्ला मुहेरेसचा उत्तर किनारा किंवा कोसुमेल बेटाची पश्चिम बाजू. आम्ही तिसऱ्या दिवशी पैसे बुडवून फेरीने इस्लाला पळालो. कॅनकूनहून वीसेक मिनिटं. तिथे कमरेएवढ्या पाण्यात पायाची नखं दिसत होती.

खारा वारा
आम्ही डिसेंबरात जातोय हो.

लाटांचा हिशोब
कोलंबीभात यांचं जूनपुरतं शंभर टक्के बरोबर. डिसेंबरात मात्र चित्र उलटतं, आणि इथे मला माझंच वरचं म्हणणं थोडं फिरवावं लागतंय. हिवाळ्यात उत्तरेकडून गार वाऱ्याचे झोत येतात, तिथले लोक त्यांना "नोर्ते" म्हणतात. एक-दोन दिवस टिकतात. तेव्हा मी ज्या वरच्या दांडीची शिफारस केली तिथेच पाणी खवळतं, इस्लाच्या फेऱ्याही कधी बंद ठेवतात. त्या दिवसांत प्रवाळाच्या आडोशाला असलेलं पुएर्तो मोरेलोस वाईट नाही. धागाकर्त्याला हे माहीत होतं असं वाटत नाही, पण बाण लागलाय खरा.

खारा वारा
माहीत नव्हतं. आता होतं म्हणून सांगणार आहे.

झाडाझडती
मला हॉटेल-गाव वादापेक्षा त्यामागचा सूर खटकतो. पट्टा बांधला की खोटा मेक्सिको आणि चौकात बसलं की खरा? त्या चौकाभोवतालची बरीच घरंही आज सुट्टीवर येणाऱ्यांनाच भाड्याने जातात. प्लाया देल कार्मेनही एकेकाळी कोळ्यांचं गाव होतं, आज तिथल्या पाचव्या अव्हेन्यूवर इंग्रजीत हाका मारतात. आपल्यासारखे "खरं काहीतरी" शोधणारे जातात तिथे पुढचं हॉटेल झोन तयार होतं. पाळोळ्याचं काय झालं ते गोव्याला जाणाऱ्यांना सांगायला नको.

खरंच माणसं बघायची असतील तर हॉटेल झोनमधूनच आर-१ किंवा आर-२ बस पकडा आणि कॅनकून शहरात पार्के दे लास पालापासला उतरा. हॉटेलांत राबणारे लोक त्या शहरात राहतात. संध्याकाळी बायकापोरांसकट त्या बागेत येतात. मार्केसिता खा: कुरकुरीत पापडासारखी गुंडाळी, आत किसलेलं एडाम चीज आणि वर शेळीच्या दुधाचा आटवलेला गोड काहेता. ऐकायला विचित्र वाटतं, मी तीन खाल्ल्या. रात्री बसनेच परत. यासाठी मुक्काम हलवायची गरज नाही.

आणखी एक. मेक्सिकोत किनारा कुणाच्या मालकीचा नसतो, कायद्याने सगळे सार्वजनिक. हॉटेल झोनमध्येच प्लाया देल्फिनेसला समोर हॉटेल नाही, स्थानिक लोक रविवारी डबे घेऊन येतात. फाटकाबाहेर काहीच नाही हे खरं नाही, खारा वारा. तुम्ही बाहेर पडला नाहीत.

खारा वारा
हे मात्र लागलं. मी हॉटेल झोनला एकदाच गेलोय, ऑफिसच्या सहलीला, दोन रात्री. बाहेर पडलो नव्हतो.

तरी एक मुद्दा सोडत नाही. तुम्ही सांगताय ते सगळं बस पकडून जायचं आहे, आणि अकरा जणांत "उद्या जाऊ" म्हणत सात दिवस निघून जातात. दारातच चौक असला की ठरवावं लागत नाही.

शेवगाशेंग
वाचतेय. अवांतर: आईबाबांच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे, मेक्सिकोचा वेगळा लागेल का?

नाना उसगावकर
अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर पर्यटनासाठी वेगळा लागत नाही. तो जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवा.

पॅसिफिकचा पोपट
पश्चिम किनाऱ्यालाही मेक्सिकोच म्हणतात. पुएर्तो व्हायार्ताला शेवाळ नाही, डिसेंबर ते मार्च कुबडे देवमासे उसळ्या मारताना दिसतात, आणि ते पन्नासेक वर्षांपूर्वी कागदावर आखलेलं गाव नाही.

माई_एडिसन
आणि जुन्या गावात दगडगोट्यांचे चढ. पाणीही तुमच्या फोटोतल्यासारखं फिरोजी नाही. त्याच बाजूच्या लोस काबोसला तर बहुतेक किनाऱ्यांवर पोहूच नका म्हणतात, मेदानोसारखे थोडेच सुरक्षित. शिवाय खारा वारांची तिकिटं काढून झालीत.

पॅसिफिकचा पोपट
तिकिटं काढून मग कुठे राहू विचारणं म्हणजे...

खारा वारा
तिकिटं मेहुण्याने काढली. असो.

सद्यस्थिती: घर भाड्याने घेण्याचा हट्ट मी सोडलाय, माईंच्या सोळा पोळ्या डोळ्यासमोरून हलेनात. पुएर्तो मोरेलोसमध्येच एक लहान हॉटेल बघितलंय. लिफ्ट आहे (फोन करून विचारलं), सकाळची न्याहारी आहे, चौक तीन मिनिटांवर, माझ्या नव्हे, बाबांच्या पायांनी. मतं आता सहा विरुद्ध पाच. बहिणीला पोरांसाठी पाण्याची घसरगुंडी हवी आहे, ती इथे नाही, त्यामुळे ती अजून हॉटेल झोनवर ठाम.

माई_एडिसन
छान. बाबांना विचारलंत?

खारा वारा
आज विचारलं. पहिल्यांदाच.

बाबांना समुद्रात उतरायचंच नाही. म्हणाले, "रत्नागिरीत जन्म गेला माझा, मला समुद्र काय दाखवता? चिचेन इत्सा बघायचंय." ते म्हणजे माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष, किनाऱ्यापासून आत, कॅनकूनहून दोनशे किलोमीटर.

लाटांचा हिशोब
मग एक रात्र वायादोलिद या गावी काढा. चिचेन इत्साहून चाळीसेक किलोमीटर. सकाळी उघडताच पोचलात तर बसगाड्या यायच्या आत बघून होतं. पिरॅमिडवर चढायला आता बंदीच आहे, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही.

नाना उसगावकर
वायादोलिदला चौकाजवळ राहायचं की सेनोतेजवळ? नवा धागा काढा.