बक्स रो, 1888: खुनाची नेमकी जागा जुन्या नकाशावर कशी काढायची?

दारव्ह्याचा शेतकरी
नमस्कार मंडळी. रात्री ओलिताले गेलो की लाइन येईपर्यंत मी मोबाईलवर जुन्या गुन्ह्यांचं वाचत बसतो, सध्या लंडनच्या मेरी ॲन निकोल्सच्या खुनाचं चालू आहे, जॅक द रिपर म्हणतात त्या खुन्याचा पहिला बळी. 31 ऑगस्ट 1888, व्हाइटचॅपल भागातली बक्स रो नावाची गल्ली, पहाटे पावणेचारच्या आसपास चार्ल्स क्रॉस नावाचा गाडीवाला कामावर चालला होता, त्याले ती एका फाटकाजवळ पडलेली दिसली. आता मॅपवर बक्स रो टाकलं तं सापडतच नाही, अन दोन व्हिडिओ पाहिले तं दोघांनी पिन वेगवेगळ्या जागी ठोकलेली. खरं कोणाचं मानू? अन जुन्या नकाशात एक फाटक कुठं होतं इतकं बारीक समजते का?

मोजणीवाले काका, दिग्रस
भाऊ, जिंदगी मोजणीत गेली, म्हणून सांगतो, नावावर अन नंबरावर कधी जाऊ नका. गट नंबर बदलतात, धुरे सरकतात, पण खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असली तं वावर सापडतेच. इथंही तेच करायचं. बक्स रोचं नाव 1892 मध्ये डरवर्ड स्ट्रीट केलं, म्हणून तुम्हाले सापडून नाही राहिलं. आता मृत्यूच्या चौकशीत पोलीस शिपाई जॉन नीलनं काय सांगितलं ते वाचा, तिथंच सगळं आहे: तबेल्याचं बंद फाटक, नऊ-दहा फूट उंच, फाटकापासून पूर्वेकडं घरं सुरू होतात, पश्चिमेकडं बोर्ड शाळा, म्हणजे सरकारी शाळा, अन रस्त्यापलीकडं समोर एसेक्स व्हार्फ नावाची इमारत. झाली ना चतुःसीमा? पूर्वेचं पहिलं घर न्यू कॉटेज, तिथं एमा ग्रीन नावाची बाई राहत होती, तिचीही साक्ष आहे. नकाशावर या तीन गोष्टी बोटानं धरल्या की फाटक आपोआप मधात येते, तुमची पिन दक्षिणेच्या बाजूलेच पडली पाहिजे.

नकाशावेडा, वणी
काकांचं अगदी बरोबर, फक्त नकाशा कोणता घेता ते पाहा. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे तिकडच्या सरकारी मोजणी खात्याचा, लंडनचा पाच फुटाला एक मैल वाला नकाशा, म्हणजे 5280 भागिले 5, 1056 ला 1, कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे 88 फूट. आपल्या गावनकाशात गावठाण म्हणजे नुसता एक ठोकळा असते, यात एकेक घर अन त्याचं अंगण दिसते. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर फुकट आहे, 1893 ते 1896 मधल्या छपाईचा. खून 1888 चा, म्हणजे पाच ते आठ वर्षांचाच फरक, त्याच्या आधीची आवृत्ती घ्याल तं ती बरीच जुनी पडते. पण एक ध्यानात ठेवा, या नकाशावर बक्स रो हे नाव शोधत बसू नका, तवर ते बदललं होतं.
त्या साइटवर जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर पातळ करून ठेवता येते. तो थोडा सरकलेला असू शकते, म्हणून आधी जी वस्तू तेव्हाही होती अन आजही आहे ती जुळवा. शाळेची इमारत अजून उभी आहे, तिथं आता फ्लॅट झाले. तिचा कोपरा जुळवल्याशिवाय पिन ठोकू नका. त्या व्हिडिओवाल्यांनी बहुतेक नुसता रस्त्याचा मध्य धरला असेल.

शिक्षिका, आर्णी
मॅप बघताना एक विनंती. तिला फक्त 'पहिला बळी' म्हणू नका, लोक पोली म्हणायचे तिला. 43 वर्षांची, पाच लेकरांची आई, त्या रात्री थ्रॉल स्ट्रीटच्या लॉजिंगमध्ये झोपायचे चार पेनी नव्हते म्हणून बाहेर काढलं होतं. अडीचच्या सुमारास ऑसबर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तिला ओळखीच्या बाईनं पाहिलं, एमिली हॉलंडनं, तिथून ती व्हाइटचॅपल रोडनं पूर्वेकडं गेली. हा रस्ताही नकाशावर काढा ना भाऊ, नुसत्या फाटकापेक्षा तो जास्त सांगेल. सोबत चार्ल्स बूथ नावाच्या समाज-अभ्यासकाचा गरिबीचा नकाशा ठेवा, पूर्व लंडनचा पहिला 1889 चा, गल्ल्या रंगानं दाखवल्यात, काळा म्हणजे सगळ्यात वाईट हालत, पिवळा म्हणजे श्रीमंत. मी नववीच्या पोरींना दाखवला होता, त्या अर्धा तास गप्प बसून पाहत होत्या.

दारव्ह्याचा शेतकरी
काका, सांगितल्यासारखं केलं. आधी शाळेचा कोपरा जुळवला, मग फाटक घरं सुरू होतात तिथं धरलं, दोनपैकी एक पिन रस्त्याच्या उत्तरेला होती, ती तं सरळ बाद झाली. तिथं आता काहीच उरलं नाही, ती घरंही पडली, बाजूले व्हाइटचॅपल स्टेशन, 2022 पासून एलिझाबेथ लाइन नावाची रेल्वेही तिथून जाते. ताई, पोलीचा रस्ता काढला, थ्रॉल स्ट्रीटपासून. मोबाईलच्या स्क्रीनवर बोटभर दिसते, पण ती रात्रीची चालत गेली असेल.
आता 30 सप्टेंबरचं माइटर स्क्वेअर, त्याच खुन्याचा आणखी एक बळी, कॅथरीन एडोज. काका, तिथला प्लॅन फॉस्टर नावाच्या मोजणीदारानं चौकशीसाठी काढला होता म्हणतात, तो पाहिला का तुम्ही?

मोजणीवाले काका, दिग्रस
पाहिला. फ्रेडरिक फॉस्टर. सोमवारी टाकतो, त्याच्यावर दोन गोष्टी बोलायच्या आहेत.