मलाण्याच्या पत्र्यांना नावं ठेवणाऱ्यांसाठी

रानवाटा: काल इथे कुणीतरी हिमाचलातल्या मलाणा गावाचे फोटो टाकून लिहिलं, "पत्र्याने आणि सिमेंटने गावाची वाट लावली, सरकारने बंदीच घालावी." डोकंच फिरलं. अरे बाबा, जानेवारी २००८ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, देवळंसुद्धा. घराला घर चिकटलेलं, थंडीसाठी गवत नि सरपण ठासून भरलेलं, आणि बंब चढणार कुठून? २०२१ ला परत तेच. ज्याचं घर जळलं त्याने आता तुझ्या फोटोसाठी परत लाकूडच लावायचं का?

भटक्या७७: फोटो माझेच. तिथली जुनी काठकुणी भिंत कधी जवळून पाहिलीस? देवदाराची तुळई, मग दगड, परत तुळई, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. १९०५ च्या भूकंपात कांगडा आडवा झाला, पण कुल्लूकडच्या नग्गरचा काठकुणी वाडा तसाच उभा राहिला. तुमची आरसीसी खोली तिथे जानेवारीत निव्वळ फ्रीज.

रानवाटा: मान्य महाराज. आता देवदार कुठून आणायचा तेही सांगा, हक्काच्या लाकडालाही वनखात्याचा कागद लागतो.

गुहागरकर: पत्र्याबद्दल बोलताय म्हणून सांगतो. आमच्या घरावर मंगलोरी कौलं होती. वानरं येतात, कौल उचलतात, खाली टाकतात, आणि दर मे महिन्यात शाकारायला माणूस शोधा, तो काही मिळत नाही, मग पावसात माजघरात टोप मांडून बसा. शेवटी घातला पत्रा. मुंबईचा चुलतभाऊ गणपतीला आला नि म्हणतो, "घराची मजा गेली रे!" म्हटलं ये की शाकारायला, तर गप्प.

घाटावरचा: वानरांना केळी घालून लाडावलं कुणी?

गुहागरकर: आम्ही नाही, तुमच्यासारखे गाडी थांबवून घालणारे! आंब्याचं नुकसान आमचं, पुण्य तुमचं.

घाटावरचा: जरा तोंड सांभाळून.

रानवाटा: अहो, विषय मलाणा आहे.

गुहागरकर: विषय तोच आहे. राहणार एक, हळहळणार दुसरा.

भटक्या७७: हळहळणाऱ्यांमुळेच चार पैसे जातात ना गावात?

रानवाटा: म्हणूनच २०१७ ला गावाच्या जमलू देवाच्या हुकमाने पाहुण्यांचा मुक्काम बंद केला वाटतं! त्या पाहुण्यांतले किती काठकुणी बघायला गेलेले आणि किती 'माल', म्हणजे चरस, शोधायला, ते मला बोलायला लावू नका.

भटक्या७७: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. बरं, बंदी हा शब्द मागे घेतो, घाला पत्रा. पण तो निळाच कशाला?

गुहागरकर: आमचा पण निळाच आहे. दुकानात तोच होता.