वेरूळचे वेड आणि अभ्यास

प्रश्न (परभणीहून): दर पावसाळ्यात मी वेरूळला जातो आणि कळसापासून खाली कोरत आणलेल्या कैलास लेण्यासमोर तासन्‌तास बसतो, पण ते कोरवून घेणाऱ्या राष्ट्रकूट राजघराण्याविषयी कोणी विचारले की गडबडतो. माझी आवड खरी म्हणावी का?

उत्तर १: तुमची आवड खरीच आहे. मात्र दहाव्या लेण्याच्या छतातील दगडी फासळ्या लाकडी वाशांची नक्कल आहेत आणि म्हणूनच लोक त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात, हे कळल्यापासून मी तिथे दुप्पट वेळ रेंगाळतो.

उत्तर २: वरच्या उत्तरातल्या दादांशी मी अर्धीच सहमत आहे. सनावळ्या तोंडपाठ असूनही मूर्तीकडे मान वर करून न पाहणारे (त्यांत आमचे एक गुरुजीही आले) मी पाहिले आहेत.

प्रश्नकर्ता: रविवारी दहावे लेणे पाहतो, मान दुखेपर्यंत.