गणितमाळेवर ८ + ५ चं उत्तर १२ येतंय, मदत हवी आहे

पहिलीचा वर्ग, मराठी माध्यम, जिल्हा परिषद शाळा. शंभर मण्यांची माळ आहे, दहा लाल, दहा पांढरे अशी ओवलेली. दोरी थोडी सैल ठेवली आहे, त्यामुळे मणी सरकवता येतात.

मोजणं आणि संख्या दाखवणं छान जमतं. 'तेवीस दाखव' म्हटलं की बरीच मुलं दोन दशक सोडून थेट तीन मणी मोजतात. अडतं ते बेरजेत. ८ + ५ साठी आठव्या मण्याला चिमटा लावला की त्याच मण्यापासून 'एक' सुरू करतात आणि बारावर थांबतात.

चिमटा मण्याऐवजी आठ आणि नऊच्या मधल्या फटीत लावून पाहिला. थोडा फरक पडला, पण माळ काढून घेतली की वहीत पुन्हा बाराच. आधीचे आठ मणी रुमालाखाली झाकले तर मुलं रुमाल उचलून एकपासून मोजतात! सुटे मणी घेऊन दोन ढीग एकत्र केले तर उत्तर बरोबर येतं, पण तिथे सगळंच पहिल्यापासून मोजतात, त्यामुळे पुढे मोजण्याचा सराव होत नाही.

'तो मणी सोडून मोज' असा नियम पाठ करून घ्यायचा नाही, वजाबाकीत तो आणखी गोंधळ घालेल असं वाटतं. विकतचे मोंटेसरी मणी परवडणार नाहीत. माळ, सुटे मणी, काड्या आणि गठ्ठे आहेत.

तर सुटे मणी आणि माळ यांच्या मध्ये नेमकी कोणती कृती घ्यावी? की आधी दहा पूर्ण करणं (८ + २ + ३) पक्कं करून मगच माळेवर बेरीज घ्यावी?