सिंगल आणि अल्बम यांच्या मिक्समधील फरक खात्रीने कसा ओळखावा?

प्रश्न

नव्वदीच्या दशकातील एका गाण्याच्या दोन सीडी माझ्याकडे आहेत, एक सिंगलची, म्हणजे सुटे गाणे म्हणून काढलेली, आणि एक अल्बमची. वादन तेच आहे, गायन तेच आहे, लांबीही जवळपास सारखीच आहे. तरीही सिंगलच्या ध्रुवपदात गायकाचा आवाज मला थोडा पुढे आलेला वाटतो आणि शेवटचा फेड-आउट किंचित लवकर सुरू होतो. हा खरोखर वेगळा मिक्स (गायन व वाद्ये यांच्या पातळ्यांची वेगळी जुळणी) आहे, मास्टरिंगचा (तयार मिक्सवर शेवटी केलेल्या संस्कारांचा) परिणाम आहे, की केवळ माझ्या कानांची समजूत आहे, हे मला ठरवता आलेले नाही. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे त्याच्या लहरींचे चढउतार उलटे करून, दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवण्याचा प्रयोग मी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये करून पाहिला. दोन्ही सारखे असते तर शांतता उरायला हवी होती. प्रत्यक्षात बरेचसे गाणे ऐकू आले, त्यातही झांजांचा सळसळाट सर्वांत जास्त. यावरून दोन्ही मिक्स पूर्णपणे वेगळे आहेत असे समजावे का?

पहिले उत्तर

एवढ्यावरून तसे समजू नये. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (ध्वनिलहरीची मोजमापे) असतात, म्हणजे एक सॅम्पल सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचे. १०,००० हर्ट्झच्या, म्हणजे झांजांसारख्या तीव्र आवाजातील, लहरीचे एक आवर्तन १०० मायक्रोसेकंदांत पूर्ण होते. त्यामुळे दोन ट्रॅक एकमेकांपासून एका सॅम्पलने जरी सरकलेले असले तरी त्या लहरी जवळजवळ पाव आवर्तनाने चुकतात, आणि एकमेकींना नाहीशा करण्याऐवजी मूळ आवाजापेक्षाही थोड्या मोठ्या होऊन उरतात. याच चुकीत १०० हर्ट्झचा बेस मात्र व्यवस्थित नाहीसा होतो. आपण ऐकलेला झांजांचा सळसळाट बहुधा याच कारणाने उरला असावा.

म्हणून प्रथम वेव्हफॉर्म (पडद्यावरील ध्वनिलहरीचा आलेख) पूर्ण मोठा करून ड्रमचा पहिला आघात सॅम्पलशी सॅम्पल जुळवावा. त्यानंतर एका ट्रॅकची पातळी ०.१ डेसिबलच्या टप्प्यांनी कमीजास्त करत उरलेला आवाज सर्वांत कमी कोठे होतो ते शोधावे. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती वगळून केलेल्या तुलनेवर मी विश्वास ठेवत नाही. कारण एखादा ट्रॅक अर्ध्या डेसिबलने जरी मोठा असला तरी कानाला तो ‘मोठा’ न वाटता ‘अधिक स्पष्ट’ वाटतो, आणि गायकाचा आवाज पुढे आल्याचा भास त्यातूनही होऊ शकतो.

हे सर्व झाल्यावर काय उरते ते ऐकावे. फरक केवळ मास्टरिंगचा असेल तर सगळ्याच वाद्यांचा थोडा थोडा अंश उरतो, बहुधा एखाद्या पट्ट्यातील खर्ज किंवा तीव्र स्वर, आणि लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) वापरला असल्यास जोराच्या आघातांचे तुकडे. मिक्स वेगळा असेल तर एखादी विशिष्ट गोष्टच वेगळी होऊन समोर येते. केवळ गायन १ डेसिबलने वाढवलेले असेल, तर उरलेले गायन मूळ गायनापेक्षा सुमारे १८ डेसिबल खाली ऐकू येईल, म्हणजे अगदी पुसट. पण ते एकटे असेल. मुख्य मिक्ससोबतच गायन किंचित वर घेतलेला दुसरा मिक्स तयार करून ठेवण्याची पद्धत स्टुडिओंमध्ये रूढ आहे, त्यामुळे आपली शंका अवास्तव नाही.

दुसरे उत्तर

वरील पद्धत आपल्या सीडींसाठी योग्य आहे, परंतु टेपच्या काळातील गाण्यांना ती लावू नये. तेथे एकाच मल्टिट्रॅकवरून (गायन व वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर असलेल्या मूळ टेपवरून) दोनदा केलेले मिक्सही एकमेकांना नाहीसे करत नाहीत, कारण टेपचा वेग दोन्ही वेळा हुबेहूब तोच नसतो. वेगात ०.१ टक्का फरक असला तरी ३ मिनिटांच्या गाण्यात शेवटपर्यंत ०.१८ सेकंदाचे अंतर पडते, आणि सुरात मात्र तो फरक जाणवतही नाही.

अशा गाण्यांत खुणा शोधाव्या लागतात. बीटल्सचे ‘लव्ह मी डू’ हे सर्वांत सोपे उदाहरण आहे. १९६२ मध्ये प्रथम निघालेल्या सिंगलवर ४ सप्टेंबरचे ध्वनिमुद्रण आहे व ड्रम रिंगो स्टार वाजवतो. अल्बमवर ११ सप्टेंबरचे आहे, त्यात ड्रमवर अँडी व्हाइट आहे आणि रिंगोच्या हाती टॅम्बोरिन आहे. टॅम्बोरिन ऐकू आले की निर्णय झाला. अर्थात हा मिक्समधला फरकच नव्हे, ही दोन निराळी ध्वनिमुद्रणे आहेत, आणि अनेक चर्चांमध्ये या दोन गोष्टींची गल्लत होते.

‘लेट इट बी’ मला याहून कितीतरी अधिक शिकवून गेले. मार्च १९७० चे सिंगल आणि त्याच वर्षी मे महिन्यातील अल्बम यांचा पाया एकच आहे, परंतु जॉर्ज हॅरिसनचे गिटारचे दोन एकल तुकडे वेगवेगळ्या दिवशी ध्वनिमुद्रित झाले होते. सिंगलमध्ये ३० एप्रिल १९६९ चा, लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून वाजवलेला मऊ तुकडा घेतला आहे. अल्बमसाठी निर्माता फिल स्पेक्टरने ४ जानेवारी १९७० चा अधिक धारदार तुकडा निवडला, पितळी वाद्ये पुढे आणली आणि हाय-हॅटवर (ड्रमसंचातील पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) प्रतिध्वनी चढवला. येथे मिक्स म्हणजे नुसती पातळी कमीजास्त करणे नसून काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय आहे. कान तयार करायचे असतील तर हे दोन मिक्स केवळ हाय-हॅटवर लक्ष ठेवून ऐकावेत, गिटारची वाट पाहू नये.

तिसरे उत्तर

एक सापळा राहिला. सिंगल मोनो (एकाच वाहिनीचे) आणि अल्बम स्टिरिओ (दोन वाहिन्यांचा) असेल, तर अल्बमच्या डाव्या आणि उजव्या वाहिन्यांची बेरीज करून आधी ती ऐकावी. अशा बेरजेत मध्यभागी ठेवलेले गायन कडेच्या वाद्यांच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने वर येते. स्वतंत्र मोनो मिक्स म्हणून ज्याचे कौतुक होते ते अनेकदा एवढेच असते. वेगही तपासावा. द डोअर्सच्या ‘लाइट माय फायर’चा स्टिरिओ अल्बम अनेक दशके सुमारे ३.५ टक्के संथ वाजत होता, म्हणजे अर्धस्वराच्या निम्म्याहून थोडा अधिक खाली, आणि सिंगल मात्र योग्य सुरात होते.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा आभारी आहे. माझे दोन ट्रॅक ३१२ सॅम्पलनी सरकलेले होते आणि सिंगल १.४ डेसिबलने मोठे होते. दोन्ही जुळवल्यावर कडव्यांत ड्रमच्या आघातांचे तुकडे तेवढे उरले, आणि ध्रुवपद सुरू होताच केवळ गायन व त्यामागचा प्रतिध्वनी ऐकू येऊ लागला. कडवे परत आले की ते दोन्ही थांबतात. म्हणजे गायन संपूर्ण गाण्यात नव्हे, फक्त ध्रुवपदांत वर घेतलेले आहे. फेड-आउट सिंगलमध्ये दोन सेकंद आधी सुरू होतो, आणि त्यामुळे अल्बममध्ये अगदी शेवटी पुसट ऐकू येणारी गायकाची एक ओळ सिंगलवर ऐकूच येत नाही.