मदत हवी आहे: न्यूट्रलमध्ये इंजिन थरथरतं, मिसफायर दोन नंबरलाच

नमस्कार मंडळी. फोंड्यात राहतो, गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. बोरीच्या पुलाजवळ गाड्या खोळंबल्या की न्यूट्रलमध्ये स्टिअरिंग, सीट सगळंच थरथरतं; एसी लावला की जास्तच. आरपीएम ६०० ते ९०० मध्ये हेलकावे खातो. १५०० च्या वर नेला की इंजिन शांत.

स्कॅनरवर कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट पेटत नाही). त्याची कॉइल आणि प्लग (ठिणगी पाडणारे भाग) तीन नंबरशी अदलाबदल करून पाहिले, कोड दोनवरच राहिला. थ्रॉटल बॉडीही (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ झाली. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा, अधिक १८ टक्के, २००० आरपीएमला जवळपास शून्य. त्यामुळे मला इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्या) गॅस्केटचा संशय आहे, तिथून जादा हवा आत जात असावी. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) चोंदला असता तर ट्रिम वरच्या आरपीएमलाही चढाच राहिला असता ना?

गॅरेजवाले म्हणतात, इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते रबरी आधार) बदला. माउंटिंग गेलं तर थरथर वाढेल हे पटतं, पण त्याने मिसफायर कसा होईल?

फोंडा-मडगाव भागात स्मोक टेस्ट (धूर सोडून हवेची गळती शोधणं) आणि कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) नीट कोण करतं? गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायचा सल्ला मिळाला, पण तो पेट घेतो, म्हणून नको. गॅस्केटसोबत इंजेक्टरच्या ओ-रिंगही बदलाव्यात का? चवथीला आई-बाबांना पेडण्याला न्यायचंय, आणि न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा सायलेन्सरच्या वाटेतला भाग) खराब होतो, म्हणून तोवर गाडी लांब काढत नाही. कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.